ती कुणाची कोण?

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपली म्हण सांगते. म्हण शहाणी आहे. पण म्हणींची एक मौज असते. माणसे एखादी गोष्ट सारखी करीत असल्याखेरीज ती करू नये अशी म्हण जन्मालाच येत नाही. लोक कूळ विचारीत होते, म्हणूनच कुणाला तरी 'विचारू नका' असे सांगावे लागले. आणि सांगूनही त्याचा फारसा उपयोग झाला नाही. २०१५ ते २०१९ अशी चार वर्षे जगभरातली असंख्य माणसे एका मुलीचे कूळ शोधण्यात गढून गेली होती. ही मुलगी ऋषी नव्हती, नदीही नव्हती. एवढेच काय, ती अस्तित्वातदेखील नव्हती. ती एका चित्रपटाची नायिका होती.

ज्यांच्या घरात शाळकरी मुले आहेत त्यांना 'स्टार वॉर्स' हे नाव नवे नाही. ज्यांना नवे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. जॉर्ज लुकास या अमेरिकन दिग्दर्शकाने १९७७ साली हा चित्रपट काढला आणि पुढे त्याची लांबलचक आकाशगाथाच झाली. दूरच्या कुठल्याशा तारकाविश्वात एक जुलमी साम्राज्य आहे, त्याच्याशी झुंजणारे बंडखोर आहेत आणि 'जेडाय' नावाचे व्रतस्थ योद्धे आहेत. साऱ्या सजीवांना व्यापून राहिलेली 'फोर्स' नावाची एक शक्ती या योद्ध्यांना साधनेने वश होते. आरंभीच्या तीन चित्रपटांचा नायक ल्यूक स्कायवॉकर. २०१५ साली 'द फोर्स अवेकन्स' या चित्रपटाने गाथेचा नवा खंड सुरू झाला आणि त्याची नायिका होती रे. नुसतीच रे. आपल्याकडे 'रे' कुणाच्या तरी नावाला चिकटून येतो; ही मात्र एकटीच आली. मागे बापाचे नाव नाही, पुढे आडनाव नाही.

जॅकू नावाच्या वाळवंटी ग्रहावर ही मुलगी एकटी राहते. लहानपणी आईबाप तिला तिथे सोडून गेले. जुन्या लढाईत कोसळलेल्या प्रचंड जहाजांच्या सांगाड्यांत शिरून ती भंगार काढते, ते घासूनपुसून एका लोभी व्यापाऱ्याला विकते आणि त्याने दिलेल्या पाव शिध्यावर दिवस काढते. मोडून पडलेल्या एका युद्धयंत्राच्या पोटात तिचे घर आहे. त्या घराच्या भिंतीवर ती रेघा ओढते. आईबापांच्या वाटेकडे डोळे लावून काढलेल्या दिवसांची ती मोजदाद. चित्रपटाच्या प्रारंभीच एक प्रसंग आहे. वाट चुकलेला एक छोटा यंत्रमानव तिच्यापाशी येतो. व्यापारी त्याच्या बदल्यात साठ शिधे देऊ करतो. भुकेल्या मुलीचा हात क्षणभर त्या ढिगाकडे जातो आणि मागे येतो. यंत्रमानव विकायचा नाही, असे ती सांगते.

माझ्या मते तिची सारी ओळख त्या एका नकारात आली. पण प्रेक्षकांना ती पुरली नाही. पुढे तिच्या अंगी फोर्स असल्याचे दिसले, ल्यूकची जुनी तेजाची तलवार तिला साद घालताना दिसली, आणि जिकडेतिकडे एकच प्रश्न सुरू झाला: ती कुणाची कोण?

मग तर्कांना ऊत आला. कुणी म्हणाले, ती ल्यूकची मुलगी. तलवार बापाकडून लेकीकडेच जायची. कुणी म्हणाले, ती राजकन्या लिया आणि हान सोलो यांची हरवलेली लेक. ल्यूकचा वृद्ध गुरू ओबी-वान याची ती नात, असे म्हणणाऱ्यांपाशी तर पुरावाच होता. रेला होणाऱ्या भासात ओबी-वानचा आवाज तिच्या नावाने हाक मारतो. ती भूमिका करणारे सर ॲलेक गिनेस २००० साली वारले होते. तेव्हा त्यांनी पूर्वी उच्चारलेल्या 'अफ्रेड' या शब्दाची दोन्ही टोके छाटून मधला 'रे' तेवढा ठेवण्यात आला होता. इतकी कारागिरी उगीच कोण करील? काहींनी जॉन विल्यम्स यांच्या संगीतातले सूर ताडून पाहिले. काहींनी तिच्या तलवारीचा वार सम्राट पॅल्पटीन या खलपुरुषाच्या वाराशी जुळवला आणि ती त्याच दुष्टाची नात ठरवली. लग्न जुळवताना पत्रिका पाहणारे आपले जोशीही इतके कष्ट घेत नसतील.

या लोकांना हसण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते. वाचक आपल्या पात्राच्या आईबापांवरून रात्ररात्र वाद घालतो आहे, याहून मोठे भाग्य लेखकाला कोणते? शिवाय ही सवय प्रेक्षकांना या गाथेनेच लावली होती. १९७७ साली ओबी-वान ल्यूकला सांगतो की, डार्थ व्हेडर या काळ्या शिरस्त्राणातल्या क्रूरकर्म्याने तुझ्या बापाला मारले. १९८० साली, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटात, व्हेडरच सांगतो की तुझा बाप मीच. हे गुपित इतके जपले होते की चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरच्या वेषातल्या नटाला भलतेच वाक्य दिले होते. खरे वाक्य मागाहून दुसऱ्याच्या आवाजात भरले. १९८३ साली आणखी उलगडा झाला, की लिया ही ल्यूकची सख्खी बहीण. ज्या गाथेत प्रत्येक अनोळखी माणूस शेवटी घरचाच निघतो, तिच्यात रे कुणाचीच नाही असे मानायला प्रेक्षक तयार होईनात, यात त्यांचा काय दोष?

आणि ही सवय तशी या गाथेहूनही जुनी आहे. ओटो रँक या ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञाने १९०९ साली वीरपुरुषांच्या जन्मकथांवर एक पुस्तक लिहिले. टाकून दिलेले मूल, परक्याने केलेला सांभाळ आणि शेवटी उघडकीला येणारे थोर कूळ, ही एकच कथा देशोदेशी कशी सांगितली जाते हे त्याने दाखवले. त्याच्या यादीत अक्कडचा सारगॉन आहे, मोझेस आहे आणि आपला कर्णही आहे. तेव्हा भिंतीवर रेघा ओढणारी मुलगी पाहून लोकांना तिच्यामागे राजवाडा दिसू लागला, ते फार जुन्या सवयीने.

आता या प्रश्नाला चित्रपटांनी काय उत्तर दिले ते पाहू. उत्तर एक नव्हे, दोन मिळाली. २०१७ साली रायन जॉन्सन या दिग्दर्शकाच्या 'द लास्ट जेडाय'मध्ये रे एका गुहेत शिरते, आईबाप दाखव म्हणून विनवते, आणि समोरच्या धुक्यातून तिला तिचाच चेहरा दिसतो. पुढे प्रतिपक्षाचा तरुण योद्धा कायलो रेन तिच्याकडूनच वदवून घेतो की, तिचे आईबाप कुणीच नव्हते. भंगारवाले होते, दारूच्या पैशांसाठी त्यांनी पोर विकली. दोन वर्षांनी, २०१९ साली, जे. जे. एब्रम्स यांच्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'ने ते उत्तर फिरवले. आईबापांनी तिला विकले ते लपवण्यासाठी, आणि लपवले ते तिच्या आजोबापासून. आजोबा म्हणजे सम्राट पॅल्पटीन. ज्यांनी तलवारीचे वार जुळवले होते, ते जिंकले.

पहिल्या उत्तराने बरेच लोक संतापले. आपल्याला दोन वर्षे आशेवर ठेवून शेवटी हात रिकामे दाखवले, असे त्यांना वाटले. त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. कथेच्या आरंभी कुलूपबंद पेटी दाखवली की शेवटी ती उघडावी, हा लेखक-वाचकांतला अलिखित करार आहे. पण पेटी उघडली होती. तिच्यात दागिना निघाला नाही एवढेच. आणि पेटीत दागिनाच असला पाहिजे हा आग्रह कथाशास्त्राचा नव्हे. तो कशाचा आहे, हा खरा प्रश्न आहे.

मला वाटते, 'ती कुणाची' या दोन शब्दांत दोन अगदी वेगळे प्रश्न दडले आहेत, आणि आपण ते एक समजून चालतो. एक प्रश्न मुलीचा. मला का टाकले? मी नकोशी होते का? ते परत येतील का? हा प्रश्न दुःखातून येतो. त्याला नाव, पदवी, घराणे यांची पर्वा नसते. भंगारवाले आईबाप परत आले असते तरी ती भिंत रेघांपासून सुटली असती. दुसरा प्रश्न बघ्यांचा. हिच्या अंगी हे बळ आले कुठून? एवढी हुशार आहे, त्या अर्थी कुणाची तरी असलीच पाहिजे. पहिल्या प्रश्नात मुलगी आपली माणसे शोधते; दुसऱ्यात लोक तिच्या गुणांचा दुसरा मालक शोधतात.

हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत ते त्याच चित्रपटात दिसते. रेच्या जोडीला फिन नावाचा तरुण आहे. त्यालाही लहानपणीच आईबापांपासून तोडून सैनिक बनवले आहे. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. फिन हे नावदेखील एक मित्र त्याला धावपळीत देतो. पोरकेपणाच्या तराजूत दोघांचे वजन सारखे. पण रेच्या कुळाबद्दल जितकी चर्चा झाली, तिच्या एका अंशानेही फिनच्या कुळाची झाली नाही. का? त्याच्या हातून फोर्सचे चमत्कार होत नव्हते. म्हणजे लोकांना पोरक्याच्या दुःखाचे कुतूहल नव्हते. पोरक्याच्या सामर्थ्याचे कोडे पडले होते.

या बघ्यांच्या प्रश्नातून थोरही सुटत नाहीत. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम आपल्याला ठाऊक आहे. गौतम ऋषींनी गोत्र विचारले तेव्हा त्याने आईचे सांगणे जसेच्या तसे सांगितले, की तू कुणाचा ते मला ठाऊक नाही. गौतमांनी त्याला शिष्य म्हणून घेतले. त्यांच्या मोठेपणाला माझा नमस्कार. पण घेताना ते काय म्हणाले? ब्राह्मणावाचून कुणी इतके खरे बोलणार नाही! गोत्र नसल्याचे कळल्यावरही त्यांनी गुणावरून कूळ काढलेच. पोर खरे बोलले ते त्याचे स्वतःचे, त्याच्या आईने शिकवलेले, असे म्हणणे गौतमांनाही जमले नाही. मग आपल्या प्रेक्षकांचे काय घेऊन बसायचे?

आणि आईचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. रेच्या कुळाचे तर्क पाहिले तर जवळजवळ सारे पुरुषाकडून काढलेले आहेत. ल्यूकची मुलगी, ओबी-वानची नात, सम्राटाची नात. २०१९ च्या उत्तरातही आजोबा आहेत आणि आजोबांचा मुलगा आहे. आई काही क्षण दिसते, पोरीला धीर देते आणि मरते. तिचे नाव चित्रपटात नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव लावणे सक्तीचे झाले आहे. वर्गाच्या हजेरीपटावर त्या मुलांची नावे यायला अजून अवकाश आहे, पण मी त्या दिवसाची वाट पाहते आहे. दूरच्या तारकाविश्वाला मात्र अजून ही सुबुद्धी सुचलेली नाही.

असो. या कथेतली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. रेला तिच्या जन्माची हकीकत सांगतो कोण? २०१७ साली कायलो रेन सांगतो: तू कुणीच नाहीस, पण माझ्या लेखी आहेस; माझ्यासंगे ये. २०१९ साली तोच पुन्हा सांगतो: तू सम्राटाची नात आहेस; माझा हात धर, सिंहासन आपण घेऊ. मग खुद्द आजोबा सांगतो: तू माझ्या रक्ताची आहेस, मला मार आणि माझ्या जागी बस. उत्तरे परस्परविरुद्ध, पण प्रत्येक उत्तरामागे पुढे केलेला हात आहे. १९८० साली व्हेडरने ल्यूकला बाप असल्याचे सांगितले तेही असाच हात पुढे करून. आणि महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, तो युद्धाच्या तोंडावर, पांडवांकडे ये म्हणून. त्याचा हेतू चांगला होता, युद्ध टळावे असा होता. तरीही तो सौदाच होता. कर्णाने काय उत्तर द्यावे? ज्या राधेने मला पाहून पान्हा फुटून दूध पाजले ती माझी आई, आणि अधिरथ माझा बाप. राज्य नको.

'तू कुणीच नाहीस' हे आमिष असू शकते, आणि 'तू फार थोराची आहेस' हेही आमिषच असू शकते. एकाने माणूस लाचार होतो, दुसऱ्याने उन्मत्त होतो. दोन्हींनी तो सांगणाऱ्याच्या मुठीत जातो. म्हणून कुळाची गोष्ट ऐकताना ती खरी की खोटी याच्या आधी पाहावे, की सांगणाऱ्याला आपल्याकडून काय हवे आहे. हा नियम एका मुलीपुरता नाही. कुळाचा अभिमान चेतवून मते मागणाऱ्यांना आणि कुळाचा कमीपणा दाखवून राबवून घेणाऱ्यांनाही तो लागू पडतो.

मग रेला सत्य सांगूच नये काय? तसे नव्हे. ओबी-वानने ल्यूकपासून सत्य लपवले आणि ते शत्रूच्या तोंडून कळल्याने मुलाचा घाव दुप्पट झाला. आपण कुणाच्या पोटी आलो हे जाणण्याचा हक्क मुलाचा आहे. तो नाकारणे म्हणजे पुन्हा एकदा टाकून देणे. सांगावे, पण किंमत न मागता सांगावे, आणि प्रेमाने सांगणाऱ्याने शत्रूच्या आधी सांगावे.

या बाबतीत लियाचे वागणे मला अर्धे चुकलेले आणि अर्धे थोर वाटते. २०१९ च्या चित्रपटात कळते की रे पॅल्पटीनची नात आहे हे लियाला ठाऊक होते. तिने ते सांगितले नाही, हे चुकलेले अर्धे. पण ठाऊक असूनही तिने रेला विद्या दिली. ज्या सम्राटाच्या राज्यात ती वाढली तो ग्रह राखरांगोळी झाला, त्याच्या नातीच्या हाती तिने शिकवून शहाणे केलेले शस्त्र दिले. शिक्षकाच्या धंद्यात यापेक्षा अवघड परीक्षा मला दिसत नाही. समोर बसलेल्या मुलाचे घर आपल्याला ठाऊक असते. बाप कसा, काका कसा, गावात नाव काय, हे सारे कानावर आलेले असते. ते ठाऊक नसताना समान वागवणे सोपे; ठाऊक असून समान वागवणे हीच विद्या.

आपल्या जुन्या वैयाकरणांनी वंश दोन प्रकारचा सांगितला आहे: जन्माचा आणि विद्येचा. बृहदारण्यक उपनिषदात 'वंश' म्हणून ज्या याद्या येतात त्या बापलेकांच्या नव्हेत, गुरुशिष्यांच्या आहेत. आणि शेवटच्या यादीत कितीतरी गुरू आईच्या नावाने ओळखले जातात. लुकासचा जेडाय पंथही मुळात असाच होता. जेडायांना विवाहाची मुभा नव्हती, तेव्हा वंश चालायचा तो विद्येचाच. योदाने डूकूला शिकवले, डूकूने क्वाय-गॉनला, क्वाय-गॉनने ओबी-वानला, ओबी-वानने ॲनाकिनला, जो पुढे व्हेडर झाला. हा ॲनाकिन तर गुलाम आईचा, बाप नसलेला पोर. गाथेतले सर्वांत मोठे नाव असे निनावी घरातून आले आहे. पण १९९९ च्या चित्रपटात त्याच्या रक्ताची तपासणी झाली, रक्तातले सूक्ष्म जीव वीस हजारांहून अधिक भरले, आणि साधनेची गोष्ट रक्ताची झाली. त्या दिवसापासून विद्येच्या वंशावर जन्माच्या वंशाने कुरघोडी केली. रेच्या कुळाचा एवढा गलबला हे त्याचेच फळ.

शेवटी काय होते? आजोबाचा अंत झाल्यावर रे ल्यूकच्या जुन्या घरी येते. तिथे एक वाटसरू म्हातारी तिला नाव विचारते. रे, असे ती सांगते. रे कोण? म्हातारीला नुसते रे पुरत नाही. मग ती ल्यूक आणि लिया यांच्या छायांकडे पाहते आणि म्हणते, रे स्कायवॉकर.

या शेवटावर दोन मते आहेत. काहींना वाटते, भंगार वेचणारी मुलगी नुसती रे म्हणूनच उभी राहायला हवी होती. पुन्हा एका बड्या घराण्याचे नाव तिला का लावावे? मलाही 'रे कोण?' हा म्हातारीचा प्रश्न खटकतो. पण रेचे उत्तर खटकत नाही. तिने रक्ताचे नाव टाकले आणि गुरूचे नाव घेतले. ज्यांनी तिला शिकवले, ज्यांनी ठाऊक असून विचारले नाही, त्यांच्या वंशात ती आपण होऊन गेली. ते नाव तिच्या अंगच्या गुणांचा उगम सांगत नाही. तिच्यावरचे ऋण सांगते. कूळ सांगण्याची ही एकच रीत मला निर्मळ वाटते.

दिवाळीत घरोघरी पाहुणे येतात, सोबत नवी पोरे येतात. फराळाचे ताट पुढे करताना 'हा कुणाचा गं?' असे आपण सहज विचारतो, आणि उत्तर आले की मुलाकडे न पाहता त्याच्या बापाकडे पाहतो. विचारायला हरकत नाही. नात्यागोत्याचीही एक ऊब असते. पण दुसरा लाडू देताना त्या मुलालाच एक प्रश्न विचारून पाहावा: बाळ, तू कुणाकडून काय काय शिकलास? जे नाव तो सांगेल, तेही त्याचे कूळच असते.